घराचा एजंट: पूर्णवेळचा की फावल्या वेळातला?

पुण्यात किंवा ठाण्यात ८० लाखांचा जुना फ्लॅट घ्यायचा ठरला आणि दलाली २ टक्के ठरली, तर एजंटाच्या हातात १ लाख ६० हजार रुपये ठेवावे लागतात. विकणाराही आपल्या बाजूने त्याला टक्का-दोन टक्के देतो. हा एजंट रोज सकाळी गाळ्याचं शटर वर करून रात्रीपर्यंत तिथेच बसणारा असो, नाहीतर नोकरी आटोपून संध्याकाळी सातनंतर फोन उचलणारा असो; टक्केवारी साधारण तीच राहते. वकील, डॉक्टर, सुतार, गवंडी यांच्या बाबतीत हाताचा सराव आणि कामाचा दर यांचं काहीतरी नातं असतं. घराच्या दलालीत ते जवळजवळ तुटलेलं आहे. म्हणूनच पूर्णवेळ एजंट घ्यावा की अर्धवेळ, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. दर एकच असेल तर त्या पैशात जास्त सराव आणि जास्त वेळ कोण देतो हे पाहिलंच पाहिजे, आणि माझ्या मते खरेदी-विक्रीच्या बहुतेक व्यवहारांत त्याचं उत्तर पूर्णवेळ एजंटाच्या बाजूने जातं. ते तसं का जातं हे मात्र नीट उलगडून पाहायला हवं, कारण कोणत्या ठिकाणी ते तसं जात नाही हेही त्यातूनच कळतं.

आपल्याकडचा अर्धवेळ एजंट पाटी लावून बसलेला नसतो. तो आयुर्विम्याच्या पॉलिसी विकणारा असतो, झेरॉक्सच्या दुकानाचा मालक असतो, सोसायटीचा माजी सेक्रेटरी असतो, शाळेतून निवृत्त झालेले सर असतात. मैत्रिणीला भाड्याचं घर मिळवून देता देता चार घरांच्या किल्ल्या सांभाळू लागलेली गृहिणीही त्यात असते. कोणता फ्लॅट रिकामा होणार हे सर्वांत आधी वॉचमनला कळतं, म्हणून अनेक इमारतींत तोही या साखळीचा एक दुवा असतो. यांच्यापैकी कोणाच्याही हेतूवर शंका घेण्याचं कारण नाही. घरखर्चाला जोड म्हणून माणसं हे काम करतात आणि ते कष्टाचंच काम आहे. अडचण आहे ती आपण त्यांची निवड कशी करतो यात. फ्रिज घेताना चार दुकानं फिरणारं कुटुंब आयुष्यातली सर्वांत मोठी खरेदी ज्याच्या हाती सोपवतं, त्याची निवड ‘आपल्या ओळखीतला आहे’ एवढ्या एका वाक्यावर करतं. ओळख म्हणजे अनुभव नव्हे, आणि या धंद्यात त्या दोहोंमधलं अंतर फार महाग पडू शकतं.

फावल्या वेळात घरं विकणारे इतके लोक या धंद्यात का येतात, याचं एक चांगलं उत्तर अर्थशास्त्रात सापडतं. चांग-ताय शिए आणि एन्रिको मोरेत्ती यांनी २००३ साली अमेरिकेतल्या २८२ शहरी विभागांच्या १९८० आणि १९९० च्या जनगणनेवरून एक अभ्यास प्रसिद्ध केला. कमिशनची टक्केवारी सगळीकडे जवळपास सारखी असल्यामुळे घरांच्या किमती जिथे जास्त तिथे एका घरामागे मिळणारी रक्कमही जास्त, म्हणजे तिथले एजंट श्रीमंत असायला हवेत. तसं ते नव्हते. महाग शहरांत त्या रकमेच्या ओढीने आणखी माणसं धंद्यात शिरत होती, त्यामुळे दर एजंटामागे विकली जाणारी घरं कमी होत होती आणि शेवटी प्रत्येकाच्या पदरात पडणारं उत्पन्न इतर शहरांइतकंच राहत होतं. घराची किंमत वाढल्यावर ग्राहकाला जास्त चांगली सेवा मिळत नव्हती, तेवढंच काम जास्त हातांत वाटलं जात होतं. अमेरिकेची बाजारव्यवस्था आपल्यापेक्षा वेगळी आहे, पण या निष्कर्षामागचं कारण कोणत्याही देशापुरतं मर्यादित नाही. जिथे दलाली टक्केवारीवर ठरते, धंद्यात शिरायला फारसं भांडवल लागत नाही आणि घरांचे भाव चढत असतात, तिथे वर्षाला एक-दोन घरं विकून समाधानी असणाऱ्यांची संख्या वाढतच जाते. हिंजवडी, खराडी, घोडबंदर रस्ता, पनवेल या पट्ट्यांत गेल्या वीस वर्षांत या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. एका ८० लाखांच्या फ्लॅटची दोन्हीकडची दलाली अनेक नोकरदारांच्या काही महिन्यांच्या पगाराएवढी होते, आणि अशी रक्कम समोर दिसत असताना बाजूला एक फोन नंबर फिरवायला कोणाला जड वाटेल?

महाराष्ट्रात महारेराच्या आकड्यांतूनही याची झलक दिसते. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम २०१६ मध्ये आला, २०१७ मध्ये महाराष्ट्रात महारेरा प्राधिकरण उभं राहिलं आणि नोंदणीकृत प्रकल्पातलं घर विकून देणाऱ्या प्रत्येक एजंटाला नोंदणी सक्तीची झाली. पुढे २०२३ मध्ये महारेराने आणखी एक अट घातली: २० तासांचं प्रशिक्षण घ्यायचं, परीक्षा द्यायची आणि सक्षमता प्रमाणपत्र मिळवायचं. आधीपासून नोंदणी असलेल्यांना त्यासाठी मुदतही वाढवून दिली. २०२४ च्या मे महिन्यात हिशेब झाला तेव्हा राज्यात आजवर नोंदवल्या गेलेल्या सुमारे ४७ हजार एजंटांपैकी १३ हजारांहून अधिक जणांची नोंदणी नूतनीकरण न केल्यामुळे आधीच रद्द झालेली होती, आणि प्रमाणपत्र न घेतल्यामुळे आणखी जवळपास २० हजार जणांची नोंदणी वर्षभरासाठी स्थगित करण्यात आली. हे सगळे अर्धवेळ एजंट होते असा निष्कर्ष काढणं चुकीचं ठरेल. पण ज्याची रोजची चूल या धंद्यावर पेटते तो २० तासांच्या वर्गासाठी आणि एका परीक्षेसाठी आपला परवाना सोडून देईल, हेही पटत नाही. नोंदणी करून ठेवलेल्या माणसांत प्रत्यक्ष धंदा करणारी माणसं किती थोडी असतात, हे या आकड्यांवरून ध्यानात येतं.

कायद्याच्या दृष्टीने मात्र पूर्णवेळ आणि अर्धवेळ असा भेदच नाही. अधिनियमातली एजंटाची व्याख्या इतकी रुंद आहे की मोबदला घेऊन घेणाऱ्याची आणि विकणाऱ्याची नुसती गाठ घालून देणाराही तिच्यात बसतो. नोंदणी न करता असं काम केलं तर दिवसाला १० हजार रुपये दंड होऊ शकतो आणि तो त्या घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. एजंटावर हिशेबाच्या वह्या ठेवण्याचं, नोंदणी नसलेल्या प्रकल्पातलं घर न विकण्याचं आणि ग्राहकाला हक्काची सगळी कागदपत्रं मिळवून देण्याचं बंधन आहे. म्हणजे नव्या बांधकामात फ्लॅट घेताना ‘मी काय, सहज नाव सुचवलं’ असं म्हणत बिल्डरकडून टक्केवारी घेणारा शेजारीही कायद्याच्या नजरेत एजंटच आहे. पण इथे एक मोठी फट राहते. हा सगळा कायदा प्रकल्पांपुरता, म्हणजे ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरच्या आणि आठपेक्षा जास्त सदनिकांच्या बांधकामांपुरता आहे. पंधरा वर्षांपूर्वीच्या सोसायटीतला जुना फ्लॅट, भाड्याचं घर आणि शेतजमीन हे व्यवहार त्याच्या कक्षेबाहेर आहेत. अर्धवेळ एजंटांचा वावर नेमका याच व्यवहारांत जास्त असतो. तिथे परवाना बघून माणूस निवडण्याची सोय नसल्यामुळे त्याची पारख घर घेणाऱ्यालाच करावी लागते.

ही पारख करण्यासाठी एजंटाचं काम कधी सुरू होतं हे आधी समजून घ्यायला हवं. पुष्कळांना वाटतं की घरं दाखवणं हेच त्याचं काम, आणि घरं तर रविवारीही दाखवता येतात. ते खरं आहे. घर पसंत पडून विसार दिला जाईपर्यंतचा भाग फावल्या वेळात चांगला होऊ शकतो, किंबहुना अर्धवेळ एजंट हा भाग मनापासून करतो. खरी कसोटी त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत लागते. जुन्या फ्लॅटचं एक नेहमीचं उदाहरण घेऊ. विकणाऱ्यावर अजून २५ लाखांचं गृहकर्ज आहे, म्हणजे मूळ करारनामा, शेअर सर्टिफिकेट आणि आधीच्या मालकांचे साखळी करार सगळे त्याच्या बँकेत अडकलेले. घेणाराही कर्ज काढणार. घेणाऱ्याची बँक म्हणते, आधी विकणाऱ्याच्या बँकेकडे असलेल्या कागदांची यादी आणि कर्जाच्या एकरकमी परतफेडीचं पत्र तिच्याकडून आणा. त्या पत्रावर तारीख असते, कारण व्याज रोज चढतं; ती उलटली की पत्र नव्याने काढावं लागतं. मग करारनामा तयार करायचा, मुद्रांक शुल्काचं चलन भरायचं, दस्ताची माहिती संगणकावर चढवायची, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात वेळ घ्यायची, दोन साक्षीदार आणि सगळे मालक एकाच दिवशी हजर ठेवायचे. पुण्यात पुरुषाच्या नावे घर असेल तर मुद्रांक ७ टक्के आणि स्त्रीच्या नावे असेल तर ६ टक्के, नोंदणी फी १ टक्का पण ३० हजारांच्या वर नाही. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या पैशातून १ टक्का प्राप्तिकर कापून भरायचा. नोंदणी झाली की घेणाऱ्याची बँक विकणाऱ्याच्या बँकेला पैसे देणार, मग ती मूळ कागद सोडणार. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या आदेशानुसार कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत द्यायचे, उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यायची, असा नियम आहे. पण नियम आहे हे बँकेच्या काउंटरवर जाऊन कोणीतरी सांगावं लागतं.

या साखळीतली जवळजवळ प्रत्येक कडी कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत जोडावी लागते. बँकेचा अधिकारी दुपारी अडीचला फोन करून एक सही राहिल्याचं सांगतो, निबंधक कार्यालयात सर्व्हर बंद पडल्यामुळे अकराची वेळ साडेतीनवर जाते, सोसायटीचा मॅनेजर फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. स्वतःच्या नोकरीवर बसलेला एजंट अशा वेळी काही करू शकत नाही, आणि ते काम घेणाऱ्याच्या किंवा विकणाऱ्याच्या अंगावर येतं. म्हणजे दलाली पूर्ण द्यायची आणि रजाही आपणच टाकायची. यावर एक रास्त आक्षेप येतो की आता मुंबई-पुण्यातली काही नोंदणी कार्यालयं सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्यांत आणि शनिवार-रविवारीही चालतात, बरीचशी कामं ऑनलाइन झाली आहेत. त्याने फरक पडला आहे हे मान्य. पण सोय झाली ती नोंदणीच्या एका दिवसाची. बँकेचं कर्ज खातं, सोसायटीची कमिटी, महापालिकेचा मिळकत कर, वीजजोडणीचं नावांतर यांच्यातला समन्वय कोणत्याही पोर्टलवर होत नाही. तो करणारा माणूस लागतो, आणि त्या माणसाचा दिवस मोकळा असावा लागतो.

वेळेइतकाच महत्त्वाचा मुद्दा सरावाचा आहे. विकणारा परदेशी स्थायिक झालेला असेल तर वर सांगितलेला १ टक्के कपातीचा नियम त्याला लागूच होत नाही. कर बराच जास्त कापावा लागतो, आणि चुकून १ टक्काच कापला तर उरलेल्या कराची जबाबदारी घेणाऱ्याच्या डोक्यावर येते. पुण्या-मुंबईतले कितीतरी फ्लॅट आज अमेरिकेत, आखातात, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांचे आहेत आणि कुलमुखत्यारपत्रावर विकले जातात. हा मुद्दा ज्याने गेल्या वर्षभरात दोनदा हाताळला आहे तो पहिल्या बैठकीतच विचारतो, ‘ओनर इथे राहतात की बाहेर?’ ज्याने कधीच हाताळला नाही त्याला तो प्रश्नच सुचत नाही. तसंच सोसायटीच्या हस्तांतर प्रीमियमचं. महापालिका हद्दीत सोसायटीला २५ हजारांपेक्षा जास्त प्रीमियम मागता येत नाही, पण देणगी, सुधारणा निधी अशा नावांनी मागणी होते. त्या भागात नेहमी वावरणाऱ्या एजंटाला कोणती सोसायटी काय मागते आणि कुठे ठामपणे नाही म्हणता येतं हे ठाऊक असतं. किमतीचंही तेच. मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर नोंदवलेल्या दस्तांची सूची क्रमांक २, म्हणजे आपण इंडेक्स टू म्हणतो ती, शोधता येते आणि एखाद्या इमारतीत खरोखर काय भावाने व्यवहार झाले ते कळतं. पण दोन शेजारच्या विंगांच्या भावात फरक का पडला, एकीकडे टँकरचं पाणी आहे की दुसरीकडे पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत, हे सूचीत येत नाही. ते कळायला त्या गल्लीत आठवड्याला दोन-चार घरं दाखवत राहावी लागतात. शिवाय आपल्याकडे सगळ्या घरांची एकत्रित यादी कुठेही नाही. भागातले एजंट आपापल्या व्हॉट्सअॅप गटांवर माझ्याकडे पार्टी आहे, तुझ्याकडे फ्लॅट आहे असं करून दलाली वाटून घेतात. या देवाणघेवाणीत कधीतरी येणाऱ्या माणसावर इतरांचा भरवसा बसायला वेळ लागतो, आणि त्याच्या ग्राहकाला कमी घरं बघायला मिळतात.

सरावाचा प्रत्यक्ष विक्रीवर काय परिणाम होतो, याचाही अभ्यास झाला आहे. सोनिया गिलबुख आणि पॉल गोल्डस्मिथ-पिंकम यांनी अमेरिकेत विक्रीला काढलेल्या घरांच्या ८५ लाख नोंदी तपासल्या. कमी अनुभवी एजंटांकडे दिलेली घरं विकली जाण्याची शक्यता कमी होती, आणि बाजार पडलेला असताना हा फरक आणखी वाढत होता. बाजार तेजीत असतो तेव्हा घर कोणाच्याही हातून विकलं जातं, त्यामुळे एजंटाचं कौशल्य झाकलेलं राहतं. मंदीत ते उघडं पडतं, आणि नेमकं त्याच वेळी अनेक कुटुंबांना नाइलाजाने घर विकायचं असतं.

याच्या विरोधात सर्वांत वजनदार आक्षेप असा की पूर्णवेळ एजंटाला धंद्याचा ताण असतो. गाळ्याचं भाडं, हाताखालच्या मुलाचा पगार, तीन महिने कोरडे गेले तर घरात चणचण. अशा माणसाला व्यवहार लवकर उरकायचा असतो आणि त्यासाठी तो विकणाऱ्याला भाव उतरवायला आणि घेणाऱ्याला चढवायला लावतो. उलट पगार चालू असलेला अर्धवेळ एजंट निवांत असतो, त्याला घाई नसते. या आक्षेपात तथ्य आहे. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हरसन यांनी २००८ मध्ये शिकागो परिसरातल्या जवळपास एक लाख घरविक्रींचा अभ्यास प्रसिद्ध केला. एजंट स्वतःचं घर विकायचे तेव्हा ते ग्राहकांच्या तशाच घरांपेक्षा सुमारे साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवायचे आणि ३.७ टक्के जास्त किंमत मिळवायचे. स्वतःसाठी थांबायची तयारी होती, ग्राहकासाठी नव्हती. याचं गणित साधं आहे. ८० लाखांचं घर तीन आठवडे थांबून ८२ लाखांना गेलं तर विकणाऱ्याला २ लाख जास्त मिळतात, पण १ टक्का घेणाऱ्या एजंटाला फक्त २ हजार. एवढ्यासाठी तो कशाला थांबेल? पण हे गणित नीट पाहिलं तर ते अर्धवेळ एजंटालाही जसंच्या तसं लागू आहे, कारण त्याचाही वाटा १ टक्काच आहे. त्याला घाई नसेल, पण जोर लावण्याचंही कारण नसतं, आणि घर महिनोन्महिने पडून राहिलं तर तो धीराने वाट पाहतोय की त्याने लक्षच काढून घेतलंय, हे विकणाऱ्याला बाहेरून ओळखता येत नाही. पूर्णवेळ एजंटावर एक लगाम असतो जो अर्धवेळ एजंटावर तितकासा चालत नाही. त्याला त्याच भागात पुढची दहा वर्षं घरं विकायची असतात. एका सोसायटीत नाव खराब झालं तर त्या सोसायटीची दारं बंद होतात. हा लगाम सगळ्यांवर सारखा चालत नाही, म्हणून भावाची चौकशी स्वतः केलीच पाहिजे. पण घाईचा दोष टाळायचा म्हणून सरावही गमावणं हा सौदा मला पटत नाही.

दुसरा आक्षेप विश्वासाचा. ओळखीचा माणूस फसवणार नाही, हे बहुतेक वेळा खरंच असतं. पण घराच्या व्यवहारात नुकसान होतं ते फसवणुकीपेक्षा न विचारलेल्या प्रश्नांमुळे जास्त. कर्ज मंजूर झालं नाही तर विसाराचे पैसे परत मिळतील का, पार्किंगची जागा करारात लिहिली आहे का, विकणाऱ्याच्या वडिलांच्या पश्चात वारसांची नावं लागली आहेत का, हे परक्या एजंटाला बेधडक विचारता येतं. चुलत मेहुण्याला विचारताना जीभ अडखळते, आणि काही चुकलं तरी पुढच्या लग्नात त्याच्या शेजारी जेवायला बसायचं असतं. दलालीचा आकडाही मग तोंडीच राहतो. त्यात तो माणूस सरकारी नोकर असेल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार पूर्वपरवानगीशिवाय त्याला खासगी व्यवसाय करता येत नाही, त्यामुळे आपलं नाव कागदावर न येण्याकडेच त्याचा कल राहतो. ज्याचं नाव कुठेच नाही त्याच्याकडून नंतर कोणत्याही गोष्टीचा जाब मागता येत नाही. अर्धवेळ एजंट स्वस्त पडतो हा युक्तिवाद यापेक्षा थोडा बरा आहे. मोठ्या फर्मच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे १ लाख ६० हजारांवर आणखी २८ हजार ८०० रुपये. वर्षाची उलाढाल २० लाखांपेक्षा कमी असलेल्या एकट्या एजंटाला तो लावावा लागत नाही. पण रोज गाळ्यात बसणारे कितीतरी पूर्णवेळ एजंटही याच मर्यादेत असतात, त्यामुळे ही बचत अर्धवेळपणातून येत नाही. अर्धवेळ एजंट खरोखर अर्ध्या दलालीत तयार असेल, आणि बँक-सोसायटीची धावपळ आपण स्वतः करायला मोकळे असू, तर हिशेब बदलतो. पूर्ण दराने अर्धा वेळ घेण्यात मात्र काही अर्थ नाही.

आता अपवाद, आणि ते किरकोळ नाहीत. भाड्याच्या घरासाठी अर्धवेळ एजंट अनेकदा उत्तम ठरतो. एकाच मोठ्या संकुलात राहणारी आणि तिथल्याच तीसेक फ्लॅटच्या किल्ल्या सांभाळणारी बाई कोणता मालक कुटुंबालाच घर देतो, कोणत्या मजल्यावर पाण्याचा दाब कमी आहे, हे मुख्य रस्त्यावरच्या कोणत्याही ऑफिसपेक्षा चांगलं जाणते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नाहीतर वाद झाल्यास भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. पण ही नोंदणी आता घरबसल्या, बोटांचे ठसे घेणारं यंत्र घेऊन येणाऱ्या माणसाकडून रात्री आठलाही होते. जोखीम अकरा महिन्यांची आणि एका महिन्याच्या भाड्याएवढ्या दलालीची. इथे वेळेपेक्षा माहिती जास्त मोलाची आहे, आणि ती माहिती त्या बाईकडे आहे.

दुसरा अपवाद गावाकडच्या जमिनीचा, आणि तो जास्त गुंतागुंतीचा आहे. कोकणातल्या एखाद्या सातबाऱ्यावर वीस-तीस नावं असतात; त्यातले काही मुंबईत, काही बडोद्यात, काही हयात नाहीत. कोणत्या घराण्यातल्या कोणत्या भावाचा वाटा कोण कसतो आणि फेरफार कुठे अडकला आहे हे सांगणारा माणूस त्या गावातच असतो. तो आंब्याची बाग करतो किंवा दुकान चालवतो, जमिनीचे व्यवहार जमवणं हा त्याचा वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळचा उद्योग. तिथे पूर्णवेळ एजंट नसतोच, किंवा असलाच तर तो शहरातून मोटारीने आलेला असतो आणि त्याचं ज्ञान गुंठ्याच्या भावापलीकडे जात नाही. म्हणून गावकऱ्याला वगळून चालत नाही. पण त्याला नावं ठाऊक असतात, कायदा नव्हे. शेतजमीन घ्यायला घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो, भोगवटादार वर्ग २ च्या जमिनीला परवानगी लागते, आदिवासी खातेदाराच्या जमिनीवर कडक निर्बंध आहेत, आणि यातलं एकही चुकलं तर व्यवहार मुळातच टिकत नाही. तेव्हा गावातल्या माणसाकडून माहिती घ्यावी, त्याचा योग्य मोबदला द्यावा, आणि मालकीहक्काचा शोध घेण्याचं काम तालुक्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्याकडे सोपवावं. खरं तर वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घेणं शहरातल्या फ्लॅटलाही तितकंच आवश्यक आहे. कितीही अनुभवी एजंट वकिलाची जागा घेऊ शकत नाही.

राहिला प्रश्न ओळखण्याचा, कारण ‘तुम्ही पूर्णवेळ करता का?’ याला प्रत्येक जण हो म्हणेल. त्यापेक्षा गेल्या बारा महिन्यांत याच भागात किती व्यवहार नोंदणीपर्यंत नेले हे विचारावं, आणि त्यातल्या दोन-तीन इमारतींची नावं घेऊन इंडेक्स टू मध्ये तारखा पडताळाव्यात. नोकरी सांभाळूनही वर्षाला आठ व्यवहार पूर्ण करणारा माणूस दिवसभर गाळ्यात बसून दोनच करणाऱ्यापेक्षा सरस आहे, आणि असा कोणी भेटला तर त्याला बिनदिक्कत काम द्यावं. पूर्णवेळाचा आग्रह ज्या सरावासाठी धरायचा तो त्याच्याकडे आहे. घर नव्या प्रकल्पातलं असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर एजंटाचा नोंदणी क्रमांक घालून तो आजही चालू आहे का हे बघायला दोन मिनिटं लागतात. नोंदणीच्या दिवशी निबंधक कार्यालयात स्वतः कोण येणार आणि बँकेत कोण जाणार हे नावानिशी ठरवून घ्यावं. तो विकणाऱ्याकडूनही दलाली घेतो का, आणि घेत असेल तर किती, हे आधी उघड करायला सांगावं. आणि दलालीचं सगळं एका पानावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात: अर्धी रक्कम करारनाम्याची नोंदणी झाल्यावर, उरलेली अर्धी ताबा मिळून शेअर सर्टिफिकेटवर आपलं नाव चढल्यावर. हे पान समोर ठेवल्यावर जो एजंट तारखा आणि कागदांची यादी स्वतःहून सांगू लागतो, त्याच्याशी पुढचं बोलणं सुरू करावं.